नावाचा आग्रह धरणारा माणूस

मतदार यादी हा आपल्याकडे एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेला दस्तऐवज आहे. दर काही वर्षांनी मात्र तो अचानक राजकारणाच्या मध्यभागी येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे कमी झाली आणि वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तेव्हा हेच घडले. यादी शुद्ध असली पाहिजे, असे एक पक्ष सांगत होता. एकही पात्र माणूस बाहेर राहता कामा नये, असे दुसरा पक्ष सांगत होता. दोघेही राज्यघटनेचा हवाला देत होते आणि तत्त्वतः दोघांचेही खरे होते. त्या दिवसांत मला वारंवार सुकुमार सेन आठवत होते. भारताच्या या पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी जगातील तोवरची सर्वांत मोठी यादी उभी केली आणि तीच यादी करताना सुमारे २८ लाख स्त्रियांना तिच्याबाहेर ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच तत्त्वासाठी केल्या, हे नीट समजून घेतल्याशिवाय आजच्या वादाचा निवाडा करू नये, असे मला वाटते.

सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकून ते लंडन विद्यापीठात गेले आणि गणितात सुवर्णपदक मिळवून परतले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ते आयसीएसमध्ये दाखल झाले. बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत प्रशासकीय अधिकारी आणि न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केले. १९४७ मध्ये प्रांताची फाळणी झाली, तेव्हा पश्चिम बंगालचे मुख्य सचिवपद त्यांच्याकडे आले. निर्वासितांचे लोंढे, अन्नटंचाई आणि दुभंगलेले प्रशासन यांच्याशी झुंजत त्यांनी ती वर्षे काढली. त्यांचे धाकटे बंधू अशोककुमार सेन पुढे केंद्रीय कायदामंत्री झाले. थोरल्या भावाने मात्र राजकारणापासून अंतर राखले. गणिताची शिस्त, न्यायाधीशाची सवय आणि फाळणीतल्या सचिवालयाचा अनुभव ही त्यांची शिदोरी होती.

ते ज्या पदावर येणार होते, ते पदच मोठ्या वादातून जन्मले होते. घटनेच्या मूळ मसुद्यात प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र निवडणूक आयोगाची कल्पना होती. १९४९ च्या जून महिन्याच्या मध्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती बदलून संपूर्ण देशासाठी एकच आयोग असावा, अशी दुरुस्ती घटना समितीत मांडली. काही प्रांतांत भाषा, वंश वा संस्कृती वेगळी असलेल्या लोकांना यादीतून जाणूनबुजून वगळले जात असल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. प्रांतांच्या स्वायत्ततेचे अनेक कैवारी त्यामुळे नाराज झाले. आसामचे कुलधर चलिहा यांना या दुरुस्तीत प्रांतांवरचा अविश्वास दिसला. शिब्बनलाल सक्सेना यांची हरकत मात्र वेगळ्या दिशेने आली आणि ती अधिक खोल होती. मुख्य आयुक्ताची नियुक्ती राष्ट्रपती करणार, म्हणजे प्रत्यक्षात सत्तारूढ पक्षाचा पंतप्रधान करणार. मग तटस्थतेची हमी कोण देणार? संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या दोनतृतीयांश बहुमताने नियुक्तीला संमती मिळावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रश्नात तथ्य असल्याचे आंबेडकरांनी मान्य केले. अयोग्य माणूस नेमला जाण्यास घटनेत अटकाव नाही, हेही त्यांनी लपवले नाही. अखेरीस आयुक्ताला पदावरून दूर करणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके कठीण करण्यात आले आणि नियुक्तीची पद्धत ठरविण्याचे काम भावी संसदेवर सोपविण्यात आले. म्हणजे पहिली निवड चुकली असती, तर सारी रचनाच डळमळीत झाली असती. २१ मार्च १९५० रोजी ती निवड सेन यांच्या रूपाने झाली.

पंतप्रधान नेहरूंना १९५१ च्या वसंत ऋतूपर्यंत निवडणुका हव्या होत्या. या घाईमागे प्रामाणिक कारण होते, कारण अप्रत्यक्षपणे निवडून आलेल्या हंगामी संसदेच्या बळावर फार काळ राज्य करणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. सेन यांनी मात्र त्यांना थांबायला सांगितले. यादी अपुरी होती, मतदारसंघ आखले गेले नव्हते आणि मतदान कसे घ्यायचे याचा कायदाही अस्तित्वात नव्हता. एका नवनियुक्त अधिकाऱ्याने देशातल्या सर्वांत लोकप्रिय नेत्याची तारीख मागे सारली आणि नेत्याने ते ऐकले. आयोगाच्या स्वातंत्र्याचा पहिला पाठ कोणत्याही कलमात नाही, तो या घटनेत आहे.

यादीचे काम त्यांच्या आधीच सुरू झाले होते. १९४७ च्या अखेरीपासून घटना समितीच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकार गृहीत धरून कच्च्या याद्या तयार करायला प्रांतांना सांगितले होते. घटना अमलात येण्याआधीच तिच्यातील सर्वांत धाडसी तरतुदीची अंमलबजावणी चालू होती. अडचण निर्वासितांची होती. मतदारसंघात १८० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली, तर नुकतेच सीमा ओलांडून आलेले लाखो लोक बाहेर पडले असते. तेव्हा संबंधित गावात कायम राहण्याचा इरादा त्यांनी जाहीर केला की त्यांची नावे घ्यावीत, असा मार्ग काढण्यात आला. तरीही ठिकठिकाणी स्थानिक अधिकारी त्यांना परतवून लावत आणि निर्वासितांच्या संघटना दिल्लीला पत्रे लिहून दाद मागत. केंद्रीय आयोगाची गरज आंबेडकरांना पटली, ती या पार्श्वभूमीवर.

त्यानंतर संसदेतील लढाई आली. लोकप्रतिनिधित्वाचा पहिला कायदा मे १९५० मध्ये झाला. त्यात जागांचे वाटप आणि मतदार याद्या एवढेच विषय होते. प्रत्यक्ष निवडणूक कशी घ्यायची, कोण अपात्र, भ्रष्ट आचरण कशाला म्हणायचे, तंटे कोणी सोडवायचे, हे सारे दुसऱ्या कायद्यावर सोपवले होते आणि तो मंजूर व्हायला जुलै १९५१ उजाडला. आंबेडकरांनी कायदामंत्री या नात्याने तो पार नेला. लाचलुचपत, दडपण, तोतयेगिरी यांच्याबरोबर मतदारांना भाड्याच्या वाहनांतून केंद्रावर आणणे हेही त्यात भ्रष्ट आचरण ठरविण्यात आले. निवडणूक खर्चाला मर्यादा आली, उमेदवारांना अनामत रक्कम भरणे बंधनकारक झाले. लोकसभेसाठी ती ५०० रुपये आणि विधानसभेसाठी २५० रुपये होती. ज्या सदस्यांनी हे नियम केले, त्यांनाच काही महिन्यांत त्या नियमांखाली उभे राहायचे होते. प्रत्येक कलमाकडे सभागृह स्वतःच्या मतदारसंघाच्या चष्म्यातून पाहत असणार, हे उघड होते.

मतदारसंघांच्या सीमा आखताना हे विशेष जाणवले. १९५० च्या कायद्यानुसार सीमांचे आदेश राष्ट्रपतींच्या नावे निघत, परंतु त्याआधी संसद सदस्यांच्या सल्लागार समित्यांचा विचार घ्यावा लागे आणि आदेश सभागृहासमोर आल्यावर त्यात बदल करण्याचा अधिकारही संसदेला होता. आयोगाने लोकसंख्या आणि भूगोल पाहून केलेली आखणी त्यामुळे अनेक ठिकाणी बदलली गेली. सेन यांनी त्यावर जाहीर वाद घातला नाही. त्यांनी तो दोष अहवालात नोंदवला आणि हे काम स्वतंत्र मंडळाकडे द्यावे, अशी बाजू मांडली. १९५२ मध्ये परिसीमन आयोगाचा कायदा झाला. त्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती एन. चंद्रशेखर अय्यर होते आणि मुख्य निवडणूक आयुक्त हे त्याचे पदसिद्ध सदस्य होते. त्याचे आदेश कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाहीत असे ठरले, आणि संसदेनेही त्यात हात घालायचा नाही. स्वतःच्या मतदारसंघाच्या सीमा आखण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाने आपण होऊन सोडला, हा सेन यांचा मला वाटणारा सर्वांत मोठा विजय आहे.

आता त्या २८ लाख स्त्रियांकडे येतो. कच्च्या याद्या तपासताना आयोगाच्या लक्षात आले, की प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशात असंख्य स्त्रियांची नोंद अमक्याची बायको, तमक्याची आई अशी झाली आहे. परक्या माणसाला, तेही सरकारी कारकुनाला, घरातल्या बाईने आपले नाव सांगायचे नाही, ही रूढी त्याला कारण होती. त्यामागे जुन्या कायद्याची सावलीही होती, हे विसरता येत नाही. १९३५ च्या कायद्याखालील मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता आणि अनेक प्रांतांत स्त्रीला मत मिळे ते पात्र पुरुषाची पत्नी वा विधवा या नात्यानेच. म्हणजे कारकुनाने लिहिलेली नोंद ही कालपर्यंतची कायदेशीर पात्रताच होती. राज्यघटनेने ते नाते तोडले होते. मत व्यक्तीचे, म्हणून नाव व्यक्तीचे, असा सेन यांचा आग्रह होता. नावाशिवायची नोंद ग्राह्य धरली, तर ओळख पटवायची कशी आणि तोतयेगिरी रोखायची कशी, हा व्यावहारिक प्रश्नही होताच. त्यांनी दुरुस्तीसाठी मुदत वाढवून दिली. बिहारमध्ये तिचा चांगला उपयोग झाला, राजस्थानात फारसा झाला नाही. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अखेरीस जवळजवळ २८ लाख नोंदी काढून टाकाव्या लागल्या.

हा निर्णय बरोबर होता का? पदव्युत्तर वर्गात इतिहास शिकताना मी त्याला निःशंकपणे बरोबर म्हटले असते. नोकरीतील एका प्रसंगानंतर ते माझ्याच्याने होत नाही. कारकिर्दीच्या सुरुवातीला मी मतदार नोंदणी अधिकारी असताना एका गावाची यादी माझ्या स्वाक्षरीने अंतिम झाली होती. मतदानाच्या दिवशी केंद्रांची पाहणी करताना एक वयस्क विधवा दाराशी उभी दिसली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती भावाकडे राहायला आली होती. सासरच्या गावातून तिचे नाव स्थलांतरित म्हणून गेले आणि माहेरच्या गावात ते कोणी चढवले नाही. दोन्ही ठिकाणचे कर्मचारी नियमाने वागले होते. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नाव घालता येत नाही, हे कायद्याचे कलम मला पाठ होते. मी ते तिला समजावून सांगितले. तिने वाद घातला नाही, फक्त पुढच्या वेळी येईन असे सांगून ती परत गेली. माझी यादी शुद्ध होती आणि तरीही ती चुकीची होती. यादीतील दोन प्रकारच्या चुका सारख्या वजनाच्या नसतात, हे मला त्या दिवशी कळले. जास्तीचे नाव केंद्रावर अडवता येते, तिथे शाई असते, प्रतिनिधी असतात, आक्षेप घेता येतो. नसलेले नाव मात्र तिथे कोणालाही उभे करता येत नाही.

सेन यांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. नावे काढून ते स्वस्थ बसले नाहीत. या प्रकाराचा गवगवा होईल आणि पुढच्या वेळी स्त्रिया स्वतःच्या नावाने पुढे येतील, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा ठरावा म्हणून आयोगाने पाच वर्षे नोंदणी चालू ठेवली. १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीपर्यंत प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ९४ टक्के स्त्रियांची नावे यादीत आली होती. त्यांनी कठोर नियम लावला आणि त्या नियमाने झालेली हानी भरून काढणे हे स्वतःचेच काम मानले. पहिला भाग आपल्याला सहज जमतो, दुसऱ्याचा आपल्याला विसर पडतो.

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी आणि पांगी या दुर्गम भागांत, बर्फ पडण्याआधी, पहिली मते पडली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत मतदान चालले. मतदार सुमारे १७ कोटी ६० लाख होते. त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी आणि तिच्यावर चिन्ह, अशी पद्धत ठरली. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचा वड, जनसंघाची पणती अशी चिन्हे रोजच्या जगण्यातून उचललेली होती. वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या. त्यांचा मोठा वाटा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला, तर मतपत्रिका नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापल्या गेल्या. दुबार मतदान टाळण्यासाठी बोटाला न पुसणारी शाई लावायचे ठरले आणि तिच्या ३,८९,८१६ कुप्या खर्ची पडल्या. यादी टंकलिखित करण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमले होते. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी १,८७४ उमेदवार उभे होते. जवळपास ४५ टक्के मतदारांनी मतदान केले. ज्या देशाने १९४६ मध्ये प्रौढांपैकी पाव हिश्श्याहून थोड्याच अधिक लोकांना मताचा अधिकार दिला होता, त्याच देशात हे सहा वर्षांच्या आत घडले.

मतदान चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण आले होते. मद्रास राज्यातील नामक्कलचे एन. पी. पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता. निवडणूक पुरी होण्याआधी न्यायालयाने हस्तक्षेप करावा, अशी त्यांची मागणी होती. २१ जानेवारी १९५२ रोजी न्यायालयाने ती नाकारली. निवडणुकीबाबतची तक्रार निकालानंतर निवडणूक याचिकेद्वारेच करता येईल, असा घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाचा अर्थ न्यायालयाने लावला. हा निकाल उलट लागला असता, तर देशभर अर्जागणिक स्थगिती मागितली गेली असती. आयोगाच्या वेळापत्रकाला तेव्हा लाभलेले हे संरक्षण आजही टिकून आहे. त्याची किंमतही आहे. अन्याय झालेल्या उमेदवाराला निकालापर्यंत थांबावे लागते, आणि उशिरा मिळालेला न्याय पुष्कळदा कागदावरच राहतो.

या व्यवस्थेची चव तिच्या शिल्पकारालाही चाखावी लागली. उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात आंबेडकर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. मतदारांना मते वाया घालविण्यास सांगण्यात आले आणि सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली, अशी तक्रार करीत त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती यशस्वी झाली नाही. परंतु ज्यांनी कायदा केला, तेच पराभवानंतर त्याच कायद्याच्या दारी सामान्य याचिकाकर्ते म्हणून उभे राहिले. नव्या प्रजासत्ताकात हारण्याची रीत कोणती असावी, हे त्यातून ठरले.

१९५३ मध्ये सुदानला स्वशासनाकडे नेण्यासाठी ब्रिटन आणि इजिप्त यांच्यात करार झाला, तेव्हा तेथील निवडणूक घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांना देण्यात आले. परस्परांवर अविश्वास असलेल्या दोन सत्तांना आणि सुदानी पक्षांना मान्य होईल असा माणूस भारतात सापडला. त्या निवडणुकीत नॅशनल युनियनिस्ट पक्षाने ९७ पैकी ५१ जागा जिंकल्या आणि निकाल सर्वांनी स्वीकारला. पुढच्या वर्षी सेन यांना पद्मभूषण देण्यात आले. १९५७ ची निवडणूकही त्यांनीच घेतली. पहिल्या वेळच्या पेट्या त्यांनी जपून ठेवल्यामुळे ती सुमारे साडेचार कोटी रुपयांनी स्वस्त पडली.

त्यांची रचना निर्दोष नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असल्याने पडद्याआड कोणी मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकू शकत असे. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि ही पळवाट बुजली. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले. मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. निवडणूक याचिका १९६६ नंतर थेट उच्च न्यायालयांकडे गेल्या. त्यांच्या व्यवस्थेचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलला गेला, आणि मला ती तिच्या बळकटीची खूण वाटते.

डिसेंबर १९५८ मध्ये ते निवृत्त झाले, १९६० मध्ये बरद्वान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि त्या दशकाच्या पूर्वार्धातच निवर्तले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. दोन निवडणुकांचे दोन अहवाल मागे ठेवले. ते मी अनेकदा वाचले आहेत. त्यांत कोठेही स्वतःचे कौतुक नाही, पण चुकांच्या नोंदी मात्र पानोपानी आहेत.

सक्सेना यांनी १९४९ मध्ये विचारलेला प्रश्न तब्बल सात दशके तसाच पडून होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने आयुक्त नेमावेत, असे सांगितले. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्र्याला बसवले. याचा अर्थ समितीत सरकारचे बहुमत कायम राहिले. पहिल्या खेपेस आपल्याला सेन लाभले, हा मोठा योग होता. पंतप्रधानांना थांबा म्हणू शकणारा माणूस दर वेळी योगायोगाने सापडेल, असे गृहीत धरून कायदा लिहिता येत नाही. आणि जो अधिकारी नाव काढतो, त्यानेच ते परत चढविण्यासाठी पुढची पाच वर्षे खपावे, हेही कायद्याने सक्तीचे करता येत नाही. पहिली त्रुटी संसदेने दूर करायची आहे. दुसरी माझ्यासारख्यांच्या स्वाक्षरीपाशी राहते. केंद्राच्या दारातून परतलेली ती बाई पुढच्या निवडणुकीत आली की नाही, हे पाहायला मी त्या जिल्ह्यात नव्हतो. बदलीचा आदेश येण्याआधी तिचे नाव यादीत चढवण्याचा अर्ज मात्र मी स्वतः भरून घेतला होता.